आईला अरबी येत नाही, तवाफच्या सातही फेऱ्यांच्या दुआ पाठ असायलाच हव्यात का?

तुम्ही लिहिलंय की आई पुढच्या महिन्यात उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला निघालीय. टूरवाल्यांच्या पुस्तिकेत तवाफच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या सात फेऱ्यांच्या सात वेगवेगळ्या अरबी दुआ आहेत, त्या पाठ होईनात म्हणून तिची झोप उडालीय. एखादी चुकली तर तवाफ वाया जाईल का, हा तुमचा प्रश्न.

नाही जाणार. हे आधी आईला सांगून या, बाकीचं मग सावकाश वाचा.

मी परभणी जिल्ह्यातला. 2019 च्या जानेवारीत अम्माला घेऊन उमरा करून आलो. अम्मा शाळेत गेलेली नाही. घरात दखनी, शेतात आणि बाजारात मराठी, आणि अरबी म्हणजे नमाजेपुरत्या सूरा, त्याही ऐकून ऐकून पाठ झालेल्या. अशीच पुस्तिका आम्हालाही मिळाली होती. रोज रात्रीच्या इशाच्या नमाजेनंतर मी वाचायचो, ती मागून म्हणायची, आणि सकाळी सगळं विसरलेलं असायचं. तिसऱ्या फेरीच्या दुआपाशी आली की पदर डोळ्याला लावायची. ‘एवढ्या लांब जाऊन माझं कबूलच झालं नाही तर?’ हे एकच.

शेवटी गावातल्या मौलाना साहेबांना विचारलं, तेव्हा गाठ सुटली. पुस्तिकेतल्या दुआ चांगल्याच आहेत, पण पहिल्या फेरीला ही आणि दुसऱ्या फेरीला ती, अशी वाटणी नबी मुहम्मद (स.) यांनी केलेली नाही. वाचल्या तर ठीक, नाही वाचल्या तरी तवाफ पूर्ण होतो. फेरीच्या एका ठरावीक टप्प्यावर त्यांनी जी दुआ म्हटल्याचं हदीसमध्ये आहे, ती रुक्ने यमानी ते हजरे अस्वद (काळा दगड) या काब्याच्या दोन कोपऱ्यांच्या मधली: ‘रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव व फिल आखिरति हसनतंव व किना अजाबन्नार’. सूरह बकराची 201 वी आयत. या जगात भलं दे, आखिरतमध्येही (मरणानंतरच्या जगात) भलं दे आणि आगीच्या अजाबापासून (शिक्षेपासून) वाचव, एवढंच मागणं. आपल्याकडे बहुतेकांना ती नमाजेमुळे आधीच पाठ असते. तुमच्या आईलाही असेल, विचारून बघा. बाकीच्या वाटेवर जिक्र (अल्लाहचं स्मरण) करा, कुरआन पढा, दुरूद (नबींसाठीची दुआ) पढा, किंवा आपल्या भाषेत मागा. नमाजेच्या आत अरबी, पण तवाफात चालताना दुआ मराठीत मागितली तरी चालते.

दुआपेक्षा तवाफाची रीत नीट समजून घ्या, कारण खऱ्या चुका तिथे होतात. वुजू (हात-तोंड-पाय धुऊन पाक होणं) हवाच. तवाफ सुरू करताना ‘लब्बैक’ (मी हजर आहे) हे वाटेतलं म्हणणं थांबवायचं. हजरे अस्वदच्या कोपऱ्यापासून सुरुवात. समोर हिरवा दिवा असतो, त्याच्या रेषेत यायचं, दगडाकडे हात करून ‘बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर’ म्हणायचं आणि काबा डाव्या हाताला ठेवून चालायला लागायचं. माझे हिंदू मित्र विचारतात, म्हणजे प्रदक्षिणाच ना? फिरणं तसंच, पण प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, इथे काबा डाव्या हाताला.

हजरे अस्वदचं चुंबन घ्यायलाच हवं असं आईच्या मनात असेल, तर ते हळूच काढा. तिथली गर्दी बाईमाणसाला चेंगरून टाकते, आणि सुन्नतसाठी (नबींची रीत पाळण्यासाठी) दुसऱ्याला धक्का मारणं बरोबर नाही. लांबून हात केला तरी पुरे. नबींचे साथीदार हजरत उमर (र.) त्या दगडाला म्हणाले होते की तू नफाही देत नाहीस आणि नुकसानही करत नाहीस, नबींना चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. शिवाय तिथल्या गिलाफाला (काब्यावरच्या कापडाला) अत्तर लावलेलं असतं आणि एहराममध्ये (यात्रेच्या बंधनात असताना) सुगंध चालत नाही, म्हणून उमरा पूर्ण होईपर्यंत हात लावायच्या मागे लागू नका.

तुम्ही सोबत असाल तर उजवा खांदा उघडा ठेवा आणि पहिल्या तीन फेऱ्या जरा छाती काढून, झपझप चाला. याला रमल म्हणतात. मक्केवाले म्हणाले होते की मदिनेच्या तापाने हे मुसलमान खंगलेत. आपली ताकद त्यांना दिसावी म्हणून नबींनी साथीदारांना तसं चालायला सांगितलं. हे पुरुषांसाठी. आईने आपल्या चालीने चालायचं. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मिळते, त्यात कमीपणा नाही.

आमची चूक हतीमपाशी झाली. हतीम म्हणजे काब्याला लागून असलेली अर्धगोल भिंत. आतली जागा काब्याचाच भाग मानतात, म्हणून फेरी भिंतीच्या बाहेरून घालावी लागते. दुसऱ्या फेरीत गर्दीच्या लोंढ्याबरोबर आम्ही एका तोंडाने आत शिरलो आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर. एका म्हाताऱ्या बाबांनी माझा दंड धरून खुणेने सांगितलं, तेव्हा कळलं. ती फेरी आम्ही पुन्हा केली. मोजणीचं म्हणाल तर अम्माने घरूनच दोऱ्यात सात मणी ओवून नेले होते, फेरी झाली की एक मणी सरकवायची. गोंधळ झालाच तर कमी आकडा धरून पुढे चालायचं.

सात झाल्या की खांदा झाकून मुकामे इब्राहिमच्या (काब्याजवळच्या इब्राहिम नबींच्या दगडाच्या) मागे, जागा नसेल तर हरममध्ये (काब्याभोवतीच्या मशिदीत) कुठेही, दोन रकात नमाज. हनफी पंथाचे असाल तर असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजेनंतर तवाफ केल्यास या रकाती मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजेनंतर पढा. मग जमजमचं पाणी, मग सफा-मरवा या दोन टेकड्यांमधली ये-जा, म्हणजे सई.

आता अम्माने काय मागितलं ते सांगतो, कारण आईला हे उपयोगी पडेल. निघायच्या आधी सगळी गल्ली भेटायला आली होती. कुणाचं कर्ज, कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचं आजारपण. लिहिता येत नसल्याने अम्माने युक्ती केली. हापशापासून पिठाच्या गिरणीपर्यंत गल्लीतली घरं ज्या क्रमाने लागतात, त्याच क्रमाने तवाफात ती एकेका घराचं मागत गेली. माझा हात तिच्या खांद्यावर होता, पायाखालची पांढरी फरशी गार होती, आणि ती पुटपुटत दार ओलांडून दार चालली होती. सगळं दखनीत.

शेजारच्या काकूंनी निघताना तिचा हात धरून म्हटलं होतं, ‘माझ्या सुनेची कूस उजवू दे, म्हणावं.’ पाचव्या फेरीत काकूंचं घर आलं. तेव्हा अम्मा दखनी सोडून मराठीत बोलली, काकूंचेच शब्द, त्यांच्याच हेलात, शेवटच्या ‘म्हणावं’सकट.