अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत प्रशासकीय न्यायाधीशांना (सरकारी खातं आणि नागरिक यांच्यातल्या केसेस ऐकणाऱ्यांना) खात्यांपासून वेगळं काढून एका स्वतंत्र ऑफिसात का ठेवतात?

कारण ज्या खात्याशी तुमचं भांडण, त्याच खात्याचा पगारी माणूस तुमची केस ऐकणार हे कुणालाच पटत नाही. समजा नर्सिंग बोर्डाने तुमचं लायसन्स रद्द करायचं ठरवलं आणि सुनावणीला समोर बोर्डाचाच कर्मचारी, त्याचं प्रमोशन बोर्डाच्या हातात, मग तो कितीही प्रामाणिक असला तरी तुमच्या मनात शंका राहणारच ना. म्हणून सगळे न्यायाधीश एका स्वतंत्र ऑफिसात घ्यायचे आणि खात्यांना लागतील तसे तिथून पाठवायचे, याला तिकडे सेंट्रल पॅनल म्हणतात. कॅलिफोर्नियाने हे १९४५ लाच सुरू केलं, टेक्सासने १९९१ मध्ये.

पण खरी गोम पुढेच आहे. बऱ्याच ठिकाणी न्यायाधीश फक्त प्रस्तावित निर्णय देतो आणि शेवटची सही खात्याचीच, म्हणजे खातं तो निर्णय फिरवूही शकतं. मला हे अर्धवट वाटतं. लुइझियानात बहुतेक केसेसमध्ये न्यायाधीशाचाच निर्णय अंतिम असतो, ते जास्त बरोबर आहे.

फेडरल लेव्हलला, म्हणजे केंद्र सरकारात, मात्र न्यायाधीश अजून आपापल्या खात्यातच बसतात, बहुतेक सगळे सोशल सिक्युरिटी या पेन्शन आणि अपंगत्वाचे भत्ते बघणाऱ्या खात्यात. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने त्यांना खात्याच्या दबावापासून थोडं संरक्षण आहे, पण सगळ्यांना एकत्र आणायचं बिल सेनेटर हेफ्लिन यांनी मांडूनही पास झालं नाही. विरोधक म्हणतात विषयाचं खोल ज्ञान जाईल, तर त्यासाठी पॅनलमध्येच टॅक्स, लायसन्स असे गट करता येतात की, काही राज्यं करतातही.