घरी चाललेला जावा प्रोग्राम लॅबमध्ये का अडला?

प्रश्न: ताई, मी बीएससी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी लॅपटॉपवर जेडीके १७ आहे, त्यावर प्रोजेक्ट कंपाइल केला, मस्त चालला. क्लास फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये गेले तर तिथे 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर', आणि पुढे ६१.० आणि ५२.० असे आकडे. जावा एकदा लिहा, कुठेही चालवा म्हणतात ना, मग हे काय? आणि मित्र म्हणतो जावा इंटरप्रीट होतो म्हणून स्लोच असणार, खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुझ्या कोडमध्ये चूक नाहीये गं, आधी ते मनातून काढ. लॅबमध्ये जावा ८ आहे, हे त्या आकड्यांवरूनच कळतं, जावाच्या व्हर्जनमध्ये ४४ मिळवायचे, ८ चे ५२ आणि १७ चे ६१.

जेडीके, म्हणजे जावा प्रोग्राम बनवायचं किट, त्यात दोन वेगळी कामं करणारी टूल्स आहेत, जावासी आणि जेव्हीएम, आणि सगळा घोळ ती एकच समजल्यामुळे होतो. जावासी हा कंपायलर, तो तुझ्या कोडचा बाइटकोड करून क्लास फाइलमध्ये ठेवतो, आणि हा बाइटकोड ना इंटेल प्रोसेसरचा ना एआरएमचा, तो फक्त जेव्हीएमला, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या जावा व्हर्च्युअल मशीनला कळतो. प्रत्येक सूचनेचा कोड एका बाइटचा, म्हणून ते नाव. जावापी हे बाइटकोड वाचून दाखवणारं टूल '-सी' लावून एकदा बघच, दोन इंट आकड्यांची बेरीज केलीस तर आयलोड, आयलोड, आयअ‍ॅड असं दिसेल, म्हणजे दोन आकडे स्टॅकवर, म्हणजे जेव्हीएमच्या तात्पुरत्या चळतीवर ठेवले आणि मग बेरीज, इतकं सरळ असतं ते.

आता क्लास फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघड. पहिले चार बाइट सीए एफई बीए बीई, म्हणजे 'कॅफे बेब', प्रत्येक क्लास फाइलमध्ये हेच, आणि त्याच्या लगेच पुढे व्हर्जनचा आकडा. जेव्हीएम क्लास लोड करताना तो बघतो. नवा जेव्हीएम जुनी फाइल चालवतो पण जुन्याला नव्या फाइलमध्ये काय असेल ते माहीतच नसतं, म्हणून तो सरळ नाही म्हणतो, आणि मला विचारशील तर बरंच करतो, अर्ध्यात काहीतरी भलतंच होण्यापेक्षा हे चांगलं. म्हणजे कुठेही चालवा हे खरंय, फक्त तिथला जेव्हीएम तेवढा नवा हवा.

घरी कंपाइल करताना जावासीला '--रिलीज ८' दे. नुसतं '-सोर्स ८ -टार्गेट ८' देऊ नकोस, कारण लिस्ट डॉट ऑफ ही लिस्ट बनवायची मेथड जावा ९ मध्ये आली, ती तू वापरली असशील तर त्याबद्दल सोर्स-टार्गेट काही बोलणार नाहीत आणि लॅबमध्ये पुन्हा अडशील, रिलीज मात्र घरीच एरर देईल.

मित्राचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. हॉटस्पॉट, म्हणजे जेडीकेमध्ये नेहमी असतो तो जेव्हीएम, सुरुवात इंटरप्रीट करूनच, म्हणजे बाइटकोडची एकेक सूचना वाचत चालवूनच करतो पण कुठली मेथड किती वेळा चालली, लूप किती फिरला ते मोजत राहतो, आणि जी जास्त चालते तिचा तिथल्या तिथे मशीन कोड, म्हणजे थेट प्रोसेसरला कळणारा कोड बनवतो, आधी सी१ कंपायलर झटपट आणि मग सी२ नीट वेळ घेऊन. सी२ तर अंदाजही बांधतो, की या जागी कायम याच क्लासचं ऑब्जेक्ट येतं, आणि अंदाज चुकला की तो मशीन कोड सोडून परत इंटरप्रीटरवर येतो, मला हा भाग सगळ्यात आवडतो. मित्राला दाखवायचं असेल तर मोठा लूप असलेला प्रोग्राम एकदा तसाच आणि एकदा '-एक्सइंट' देऊन चालव, त्याने फक्त इंटरप्रीटर वापरला जातो, आणि दोन्हींना लागलेला वेळ लिहून ठेव, लॅबच्या जावा ८ वरही जमेल.