मुलाचा डोळा अधूनमधून बाहेरच्या बाजूला जातो. ऑपरेशन लगेच करावं का आणि एकदा केल्यावर पुरतं का?

तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, दमला की एक डोळा बाहेर जातो, एरवी नजर सरळ असते आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन झालंय, म्हणून सांगते. घाईने तारीख घेऊ नका, आणि भीतीपोटी टाळूही नका.

डोळा किती बाहेर जातो यापेक्षा तो ताब्यात किती राहतो, हे जास्त महत्त्वाचं. बाहेर गेलेला डोळा पापणी मिटून उघडली की लगेच जागेवर येतो, की तसाच राहतो? दिवसातून किती वेळा जातो? लांब बघताना, तापात, झोप आलेली असताना वाढतो का? उन्हात मूल एक डोळा मिटून घेतं का? हे सगळं वहीत लिहून ठेवा. एकाच मुलाचा ताबा सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असू शकतो, त्यामुळे एका तपासणीवर निर्णय ठरवू नये.

एका अभ्यासात ३ ते १० वर्षांच्या ज्या मुलांवर उपचार न करता फक्त लक्ष ठेवलं, त्यांच्यापैकी साधारण १५ टक्के मुलांचीच स्थिती ३ वर्षांत बिघडली. म्हणजे थांबणं म्हणजे हयगय नव्हे. मात्र डोळा दिवसाचा बराच वेळ बाहेरच राहू लागला किंवा दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली, म्हणजे वस्तू किती जवळ किंवा लांब आहे हे, ओळखण्याची क्षमता कमी होऊ लागली, तर थांबू नये. चष्म्याचा नंबर असेल तर आधी चष्मा, कधी रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे मार्गही असतात.

ऑपरेशनमध्ये डोळा खोबणीतून बाहेर काढतात, असं अनेकांना वाटतं. तसं काही नसतं. डोळ्याच्या गोळ्याला बाहेरच्या बाजूला ओढणारा स्नायू सोडवून थोडा मागे शिवतात. हे दोन्ही डोळ्यांना करतात, किंवा एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायू मागे घेऊन आतला आखूड करतात. मुलांना पूर्ण भूल देतात, टाके विरघळणारे असतात आणि बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. डोळा काही आठवडे लाल दिसतो.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी ती समोरच्या एका पेल्याऐवजी शेजारच्या रिकाम्या जागेला हात घालत होती, कारण तिला पेले दोन दिसत होते. मी हादरलेच. पण सुरुवातीला डोळा किंचित आत ठेवणं बऱ्याचदा मुद्दामच असतं, कारण पुढे तो पुन्हा बाहेर सरकतो. दोन दिसणं थोड्या दिवसांत थांबलं. ते आठवडे उलटूनही थांबलं नाही किंवा डोळा आतच राहिला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा, लहान मुलाची त्या डोळ्याची नजर कमी होऊ शकते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकदाच पुरेल याची हमी कोणी देऊ नये. ३ ते १० वर्षांच्या मुलांवर या दोन पद्धतींची तुलना झाली, तेव्हा ३ वर्षांत असमाधानकारक निकालाचं प्रमाण दोन्ही डोळ्यांच्या पद्धतीत ४६ टक्के आणि एका डोळ्याच्या पद्धतीत ३७ टक्के आलं. हा फरक ठोस धरण्याएवढा नव्हता, आणि या आकड्यात आलेल्या प्रत्येकाला दुसरं ऑपरेशन लागलं असंही नाही. त्यामुळे पद्धत निवडण्यावर फार डोकं शिणवू नका. सर्जनना विचारा: लांब आणि जवळ बघताना डोळा बाहेर जाण्याचं माप किती, खोली ओळखण्याच्या चाचणीत काय आलं, आणि सहा महिने थांबलो तर नक्की काय बिघडू शकतं?