वाचकांचे प्रश्न : पूर्वमधुमेहात ‘जरा जपून’ म्हणजे नेमकं किती?

पूर्वमधुमेहाबद्दल, म्हणजे साखर नॉर्मलच्या वर पण मधुमेहाच्या खाली असण्याबद्दल, आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी निवडले आहेत. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत; एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी, टक्क्यांत. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : वय ४४. उपाशीपोटीची साखर १०८, एचबीए१सी ५.८. रिपोर्टवर ‘प्रीडायबेटिस’ छापलं आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी १०८ हा आकडा नॉर्मल असल्याचं सांगितलं. खरं काय धरायचं?

दोघांनी वेगवेगळे निकष लावले आहेत. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन उपाशीपोटी १०० ते १२५ या साखरेला पूर्वमधुमेह म्हणते, जागतिक आरोग्य संघटना ११० पासून पुढे. तुमचा १०८ नेमका या दोहोंच्या मधे पडतो. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९ साखर असणं म्हणजे बिघाड, याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. एचबीए१सीसाठी ५.७ ते ६.४ हा पट्टा अमेरिकन निकषातला.

एकट्या १०८ वरून फारसं काही ठरत नाही, पण सोबत एचबीए१सीही वर आहे, म्हणून दुर्लक्ष करू नका. आधी हिमोग्लोबिन पाहा. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर एचबीए१सी खोटंच वाढलेलं दिसू शकतं. तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा विकार असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर ते खोटंच कमी येतं. उपाशीपोटीच्या आकड्यालाही एक खोड आहे. नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी साखर वापरतच राहतात, त्यामुळे नमुना तपासायला किंवा पेशी वेगळ्या करायला उशीर झाला तर साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घसरते. घरून गोळा करून लांब नेलेल्या नमुन्यात ९८ आले म्हणून निर्धास्त होऊ नका. हिमोग्लोबिन ठीक असेल तर पुढची पायरी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, म्हणजे ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजण्याची चाचणी. जेवणानंतरचा बिघाड या चाचणीतच सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

प्रश्न : दोन महिन्यांपासून पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले आहेत. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टमध्ये उपाशीपोटी ९४ आणि दोन तासांनी १६८ आले. इतकं पथ्य पाळून हे कसं?

त्या पथ्यामुळेच आलं असण्याची शक्यता मोठी आहे. पिष्ट बंद असताना शरीर चरबी जाळण्यावर चालतं, आणि अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज आलं की स्वादुपिंड आणि स्नायू दोघेही संथपणे प्रतिसाद देतात. या आकड्यावरून निदान करू नका. चाचणी पुन्हा करा, पण नीट तयारीनं.

आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम पिष्ट पोटात गेलं पाहिजे. रात्रभर ८ ते १४ तास उपास, पाणी चालतं. ग्लुकोज ७५ ग्रॅम, २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. पुडीवर ‘ग्लुकोज मोनोहायड्रेट’ लिहिलं असेल तर वजन ८२.५ ग्रॅम हवं, कारण त्यात पाण्याचा अंश असतो. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे, पेला रिकामा झाल्यापासून नाही. या दोन तासांत बसून राहा. बाहेर चक्कर मारून आलात तर स्नायू साखर ओढून घेतात आणि निकाल बरा दिसतो. सिगारेट नको. उलटी झाली तर चाचणी रद्द. ताप असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पुढे ढकला.

प्रश्न : वजन ८२ किलो. गोड सोडलं, रोज थोडं चालतो. वर्ष झालं तरी आकडे जागेवरच. पूर्वमधुमेहात पथ्य-व्यायामानं धोका ५८ टक्क्यांनी कमी होतो असं सगळीकडे वाचतो. मग मलाच गुण का नाही?

हा ५८ टक्के आकडा अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चा. २७ केंद्रं, ३२३४ माणसं, निष्कर्ष २००२ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी फिनलंडच्या ५२२ जणांच्या अभ्यासातही तोच आकडा आला होता. पण अमेरिकन अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला काय मिळत होतं ते बघा: औषधविरहित गोळी, छापील माहिती आणि वर्षातून एकदा अर्ध्या तासाचा सल्ला, की वजन कमी करा, व्यायाम वाढवा. म्हणजे ‘जरा जपून खा, चालत जा’ हे त्यांनाही सांगितलेलं होतंच. तीन वर्षांत त्या गटातल्या शंभरांपैकी सुमारे २९ जणांना मधुमेह झाला. पथ्य-व्यायामाचा कार्यक्रम दिलेल्या, म्हणजे जीवनशैलीच्या गटात हे प्रमाण १४ होतं. दोन्ही गटांना कानावर पडलेला उपदेश फारसा वेगळा नव्हता. फरक पडला तो मोजमापानं आणि पाठपुराव्यानं.

त्यांनी केलं काय? सहा महिन्यांत वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम, ही दोनच उद्दिष्टं. पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येकाला १६ धडे, समोरासमोर बसून. खाल्लेलं सगळं लिहून ठेवायचं, वजन नियमित करायचं. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो, महिन्याला जेमतेम एक. तुमच्या वजनाच्या माणसाला तिथे दिवसाला १५०० कॅलरी आणि ४२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ ही मर्यादा दिली जायची. तुम्ही बहुधा इथेच अडकला आहात. गोड सोडलं, पण तेल, तूप, तळण, सुका मेवा यांचा हिशेब कोणी ठेवला? एका ग्रॅम स्निग्धात ९ कॅलरी असतात, साखरेत ४. स्वयंपाकाचं तेल आठवडाभर मापून वापरून पाहा. गळती कुठे आहे ते बहुतेक घरांत तिथेच सापडतं.

‘रोज थोडं’ हेही मोजा. १५० मिनिटं निदान तीन दिवसांत वाटलेली हवीत आणि लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खाडा नको, कारण व्यायामानं स्नायूंची साखर ओढण्याची वाढलेली क्षमता एक-दोन दिवसांत ओसरू लागते. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग हवा. जेवणानंतरची साखर वाढत असेल तर प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटांची फेरी विशेष उपयोगी पडते.

त्या अभ्यासातही २४ आठवड्यांअखेर निम्म्याच लोकांनी ७ टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं होतं. तरी निराश होऊ नका. पुढच्या विश्लेषणात दर किलोमागे धोका १६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि वजन पुरेसं न उतरलेल्या पण व्यायाम पुरा केलेल्या लोकांतही मधुमेहाचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी होतं.

प्रश्न : मी सडपातळ आहे, उलट वजन वाढावं असं वाटतं. मग हे सगळं माझ्यासाठी आहे का?

आहे, पण वजन उतरवणं हा तुमचा मार्ग नाही. चेन्नईच्या ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये (५३१ जण, २००६) सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २६ च्या आसपास होता. जीवनशैलीच्या गटाचं वजन म्हणण्यासारखं उतरलं नाही, तरी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. तुम्ही स्नायू वाढवा: आठवड्यातून दोन-तीनदा वजनं किंवा ताणपट्टी घेऊन मांड्या, पाठ, छाती, खांदे यांचे व्यायाम, आणि प्रत्येक जेवणात पुरेशी प्रथिनं. कंबर मोजा. हातपाय बारीक आणि पोट पुढे असेल तर चरबी नको तिथे साठते आहे.

कोणती साखर वाढली आहे हेही महत्त्वाचं. चेन्नईच्याच दुसऱ्या एका अभ्यासात (डी-क्लिप, ५७८ जण, २०१६) पथ्य-व्यायाम आणि गरजेनुसार मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी यांनी धोका एकूण ३२ टक्क्यांनी कमी झाला. पण फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेल्यांत तो जेमतेम १२ टक्के भरला. अशा माणसात यकृत रात्रभर जास्त साखर सोडत असतं, आणि चालण्यानं स्नायू सुधारले तरी यकृत तितकं ऐकत नाही. म्हणून सडपातळ माणसांनी तरी टॉलरन्स टेस्ट केल्याशिवाय राहू नये.

प्रश्न : डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुचवलं आहे. मधुमेह नसताना गोळी कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर माणसागणिक बदलतं. अमेरिकन अभ्यासात ८५० मिलिग्रॅम दोनदा या मात्रेनं धोका ३१ टक्क्यांनी घटला. चेन्नईत २५० मिलिग्रॅम दोनदा देऊन २६ टक्क्यांनी. अमेरिकेत सर्वाधिक गुण आला तो बीएमआय ३५ च्या वर असलेल्यांना, तरुणांना आणि गरोदरपणी मधुमेह होऊन गेलेल्या बायकांना. या बायकांत गोळी आणि जीवनशैली जवळपास तुल्यबळ ठरली. साठीच्या पुढे गोळीचा फारसा उपयोग दिसला नाही. त्याच वयात पथ्य-व्यायामानं मात्र ७१ टक्के फायदा झाला. चेन्नईत दोन्ही एकत्र देऊन वेगळी भर पडली नाही. आमच्या मते, तुम्ही तरुण आणि स्थूल असाल तर गोळीला नकार देऊ नका. पासष्टीचे आणि चालते-फिरते असाल तर आधी सहा महिने पथ्य-व्यायामाचा कार्यक्रम पुरा करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

गोळी जेवणासोबत घ्या. मात्रा हळूहळू वाढवली की मळमळ, जुलाब बरेच टळतात. सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासा; त्यावरून काढलेली मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (रिपोर्टवर ‘ईजीएफआर’) ३० च्या खाली असेल तर ही गोळी चालत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं, विशेषतः शाकाहारी लोकांनी ते तपासत राहावं. पायांना मुंग्या आल्या तर ‘साखरेमुळेच’ असं गृहीत धरू नका; बी-१२ च्या कमतरतेनंही त्या येतात.

वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारणा आहे. स्थूलता आणि पूर्वमधुमेह दोन्ही असलेल्यांवरच्या टिर्झेपॅटाइडच्या सुमारे तीन वर्षांच्या अभ्यासात १.३ टक्के लोकांना मधुमेह झाला, नुसत्या प्लासिबोवर (औषधविरहित इंजेक्शनावर) १३.३ टक्क्यांना. इंजेक्शन थांबवल्यावर १७ आठवड्यांत मात्र वजन परत चढू लागलं आणि मधुमेहाचा आकडाही २.४ टक्क्यांवर गेला. सुरू करण्याआधीच ‘थांबवायचं कधी आणि कसं’ हे विचारून घ्या.

प्रश्न : ड जीवनसत्त्वानं पूर्वमधुमेह बरा होतो का?

२४२३ जणांना रोज ४००० युनिट किंवा प्लासिबो देऊन केलेल्या अभ्यासात (२०१९) ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी जरूर घ्या. साखरेसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : एचबीए१सी ६.१ वरून ५.५ वर आलं. आता तपासण्या थांबवल्या तर चालेल?

नाही, पण तुम्ही मोठी गोष्ट साधली आहे. अमेरिकन अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात, एकदा का होईना साखर नॉर्मलला आलेल्यांत मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा ५६ टक्क्यांनी कमी राहिला. चीनमधल्या दाचिंगच्या अभ्यासात (१९८६ पासून, ५७७ जण) पथ्य-व्यायामाचा कार्यक्रम सहाच वर्षं चालला; तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या लोकांना मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा झाला होता आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते.

एचबीए१सी दर वर्षी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. ०.१-०.२ चा चढउतार चाचणीचाच असू शकतो, त्यावर घाबरू नका. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही तपासा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. दोन किलो वाढले की पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात खाल्लेलं लिहून ठेवायची वही पुन्हा सुरू करायची.