श्रद्धा नवऱ्याची डळमळली, दोष मात्र सुनेला

पत्र, थोडक्यात: मी मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत युटामधल्या लीहाय गावी राहते. नवरा इथलाच, पिढीजात मॉर्मन घरातला, म्हणजे जोसेफ स्मिथने अमेरिकेत सुरू केलेल्या ख्रिस्ती पंथातला. एकोणिसाव्या वर्षी फिलिपिन्समध्ये दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, राहून आलेला. मी धर्म बदलला नाही आणि त्यानेही कधी आग्रह धरला नाही. सासरची माणसं प्रेमळ आहेत. माझ्या बाळंतपणात वॉर्डातल्या (चर्चच्या स्थानिक मंडळीला इथे वॉर्ड म्हणतात) बायकांनी कितीतरी दिवस जेवण आणून दिलं. पण वर्षभर नवरा रात्र-रात्र चर्चचा इतिहास वाचतोय आणि आता त्याचा विश्वास उरलेला नाही. सासूबाईंना कुणकुण लागली आहे आणि त्यांच्या मते याला कारण मी. मुलगी लवकरच आठ वर्षांची होईल. तिच्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी पांढरा फ्रॉक शिवायला घेतलाय. हा विधी बहुतेक घरांत वडीलच करतात. नवरा म्हणतो, येत्या उपवासाच्या रविवारी सर्वांसमोर उभा राहून खरं सांगून टाकतो. मी त्याला साथ देऊ की अडवू?

प्रिय मैत्रिणी,

अडव. रविवार जवळ आलाय म्हणून आधी हेच सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथली माणसं उपास करून जमतात आणि एकेक जण उठून "हे चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे" अशी साक्ष देतो. त्याच माईकवर तुझ्या नवऱ्याने उलटी साक्ष दिली, तर त्याचं मन घटकाभर हलकं होईल. पण त्याच्या आईला ही गोष्ट आख्ख्या वॉर्डादेखत ऐकावी लागेल आणि तो घाव भरायचा नाही. आईला आधी घरात, एकटीला सांगायचं. आणि ते त्याने सांगायचं, तू नाही.

तो काय वाचत असेल याचा अंदाज मला आहे. मिशनवर असताना त्याने लोकांना जी चित्रं दाखवली असतील, त्यांत पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ, ज्यांवरून त्यांचा धर्मग्रंथ आला असं मानतात ते सोन्याचे पत्रे समोर ठेवून भाषांतर सांगताना दिसतो. पुढे 2013 मध्ये चर्चनेच आपल्या संकेतस्थळावर लिहिलं, की त्याच्या सोबत्यांच्या सांगण्यानुसार तो एक दगड टोपीत ठेवायचा आणि टोपीत तोंड घालून शब्द सांगायचा. 2015 मध्ये त्या तपकिरी, अंडाकृती दगडाचा फोटोही चर्चने छापला. स्मिथच्या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी आणि त्यांतली एक पंधरा वर्षांचीही नव्हती, हे 2014 च्या लेखात आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद मिळायला 1978 साल उजाडावं लागलं, त्याचीही कहाणी त्याच संकेतस्थळावर आहे. म्हणजे त्याने वाचलं ते शत्रूंनी लिहिलेलं नाही, घरचंच आहे. सासूबाईंचा राग तुझ्याकडे वळण्याआधी एवढं त्यांच्या कानावर जायला हवं, आणि तेही त्याच्याच तोंडून.

पण मला वाटतं, त्याला झोपू देत नाही ते दगड-टोपी नव्हे. ऐन तारुण्यातली दोन वर्षं तो परक्या देशात दारोदार फिरला, गरिबांच्या घरात बसला आणि "हे असंच घडलं" म्हणून सांगत राहिला. काहींनी त्याच्या शब्दावर बाप्तिस्मा घेतला असेल, मिळकतीचा दहावा हिस्सा द्यायला सुरुवात केली असेल. आपण फसलो हे माणूस पचवतो. आपल्या हातून दुसरे फसले असतील, ही शंका फार पोखरते. त्याला त्या दिवसांबद्दल विचार. कोणाच्या घरी जायचास, कोण आठवतं, त्यांना आज काय सांगावंसं वाटतं? पुराव्यांवर वाद घालू नकोस आणि "मला आधीच माहीत होतं" असं तर चुकूनही म्हणू नकोस. ती श्रद्धा तुझी नव्हती, म्हणून ती गेल्याचं दुःख छोटं ठरत नाही.

आता सासूबाई. त्यांच्या दृष्टीने हा इतिहासाचा प्रश्नच नाही. मंदिरात सील झालेलं, म्हणजे विधीने कायमचं जोडलं गेलेलं कुटुंब मेल्यानंतरही एकत्र राहतं, ही त्या धर्मातली सर्वांत मोठी आशा. परलोकातल्या आपल्या घरी एकही खुर्ची रिकामी राहू नये, असं तिथल्या आया बोलतात. मुलाने विश्वास सोडला याचा अर्थ त्यांच्या लेखी तो अनंतकाळासाठी दुरावला. अशा बाईला कागद दाखवून काय उपयोग? मुलगा कुठे जात नाहीये, रविवारचं जेवण चुकणार नाही, हे त्यांना वागण्यातून दिसू दे.

तुझ्यावरच्या आळाबद्दल लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून देते. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली, पुन्हा एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला. एका घरात दोन श्रद्धा नांदतात, नांदल्याही आहेत, पण त्यासाठी कोणी कोणाला ओढायचं नसतं. तुझा नवरा ओढला गेलेला नाही, तो चालत गेलाय. तू त्याचं वकीलपत्र घेऊ नकोस आणि सासूबाईंचंही नको.

त्याला वाटत असेल, एक तर सगळं मुकाट्याने मानायचं, नाहीतर दार आपटून निघायचं. त्याला हुआनिटा ब्रूक्स यांच्याविषयी सांग. युटातल्याच सेंट जॉर्ज गावातली ही शिक्षिका. 1857 मध्ये माउंटन मेडोज इथे मॉर्मन सैनिकांनी जवळजवळ 120 वाटसरूंना मारलं. त्या हत्याकांडावर तिने 1950 मध्ये पुस्तक लिहिलं. शेजारीण आली की टाइपरायटरवर इस्त्रीचे कपडे टाकून ती काम झाकायची, असं सांगतात. तिने एक अक्षर गुळमुळीत लिहिलं नाही आणि चर्चही सोडलं नाही. त्याने तिच्यासारखंच राहावं असं माझं म्हणणं नाही. बाहेर पडावंसं वाटलं तर जरूर पडावं. फक्त हे ठरवायला महिने लागू देत.

वाचनही थोडं बदलून बघा. आपल्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह करणारा मध्येच थांबून शंका काढत नाही, आणि अभ्यासक पोथी उघडतो तो शंका घेऊनच. दोन्ही खरीच वाचनं आहेत. 2019 पासून मॉर्मनांकडे दर आठवड्याचा ग्रंथपाठ घरीच वाचायची पद्धत आहे. सासूबाई वाचतील तेव्हा त्याने नुसतं ऐकावं, खोड्या काढू नयेत. आपला अभ्यास मात्र दिवसा, टेबलाशी बसून करावा. रात्री दोन वाजता अंधारात फोनवर वाचलेली प्रत्येक गोष्ट दुप्पट भयंकर वाटते. झोप तरीही परतली नाही तर समुपदेशकाकडे जा. श्रद्धा सुटलेल्यांशी बोलण्याचा सराव असलेले समुपदेशक युटात आहेत.

राहिला लेकीचा बाप्तिस्मा. ज्या शब्दांवर विश्वास नाही ते म्हणत त्याने पाण्यात उतरू नये. हे खोटं बोलणं त्याला जन्मभर सलेल आणि पुढेमागे लेकीला कळलं तर तिलाही. आठवं वर्ष हे सुरुवातीचं वय आहे, शेवटचं नव्हे. नवव्या, बाराव्या, चाळिसाव्या वर्षीही बाप्तिस्मा घेता येतो. म्हणून तो पुढे ढकला, आणि फ्रॉक पुरा होण्याआधी सासूबाईंना तसं सांगा. चुलत भावंडांसारखं मलाही करायचंय म्हणून मुलगी रडेल. तिला खरं तेच सांगा: "देवाबद्दल बाबा सध्या खूप विचार करतोय. आजीचा विचार पक्का आहे. तू मोठी होऊन तुझा ठरव, आम्ही कोणीच रागावणार नाही." आठ वर्षांच्या मुलीला एवढं नीट कळतं.

आणि या आठवड्यात सासूबाईंशी तू एकदाच बोल, तेही थोडंच: "मी त्याला काही वाचायला दिलेलं नाही. पण तो झोपत नाही आणि मला त्याची तुमच्याइतकीच काळजी वाटते." त्यापुढे त्या काय म्हणतील ते ऐकून घे. उत्तर देण्याची घाई करू नकोस. रविवार कसा गेला ते मला कळव.