अंदमानात गर्दीपासून लांब, समुद्राला लागून असलेलं छोटं हॉटेल कोणत्या बेटावर घ्यावं?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत इंदूरहून तुम्ही दोघं आणि सत्तरीच्या सासूबाई निघणार, गोंगाट नको, मोठं रिसॉर्ट नको, 'दारातून पाऊल टाकलं की समुद्र' असं काहीतरी हवंय; तर हॅवलॉक घ्यावं की नील? मी नील म्हणेन. पण बेट ठरवून भागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावांचं. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. हॉटेलवाले अजून जुनीच नावं वापरतात. बुकिंग करताना दोन्ही नावं डोक्यात ठेवा, नाहीतर एकाच बेटाला दोन समजून बसाल.

आता मुद्द्याचं. आपण इंदूरकर. आपला पाण्याशी संबंध म्हणजे नर्मदेचा नळ, फार तर महेश्वरचा घाट. तिथे सकाळी पाणी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. त्यामुळे 'बीचफ्रंट' वाचलं की आपण समजतो, समुद्र दिवसभर खोलीसमोर हजर. अंदमानात तसं नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा भरती-ओहोटीच्या पातळीत जवळपास दोन मीटरचा फरक पडतो. किनारा उथळ असला की एवढ्याने पाणी फार लांब जातं.

हॅवलॉकची बहुतेक छोटी हॉटेलं आणि झोपडीवजा कॉटेज पूर्व किनाऱ्यावर आहेत, गोविंदनगर आणि विजयनगरला. (हो, विजयनगर! आपल्या विजयनगरच्या चौकाशी काही देणंघेणं नाही, सिग्नलही नाही.) बीच नंबर तीन आणि पाच म्हणतात ते हेच. भरतीला हिरवंनिळं पाणी झाडांच्या मुळांपर्यंत येतं. ओहोटीला तेच पाणी इतकं मागे जातं की मधे मेलेलं प्रवाळ, दगड आणि चिखलट वाळू उघडी पडते. बघायला मजा येते, डबक्यांमधून खेकडे, शिंपले, समुद्रकाकडी नावाचे काळे लांबट प्राणी दिसतात. पण पोहायचं म्हणाल तर विसरा, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईने तर त्या दगडांवर पाऊलसुद्धा टाकू नये. रामबागेतल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी असंच फोटो बघून पैसे भरले आणि तिथे गेल्यावर हॉटेलवाल्याशी भांडत बसले की समुद्र कुठाय. हॉटेलाच्या जाहिरातीतले सगळे फोटो भरतीचे असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून बुकिंगच्या आधी मालकाला फोन करून एकच गोष्ट मागा: ओहोटीच्या वेळी खोलीच्या दारातून काढलेला फोटो. छोट्या हॉटेलात मालक किंवा मॅनेजर तिथेच राहतो, मोबाइलवर काढून लगेच पाठवतो. जो 'मॅडम, अपना बीच एकदम बढ़िया है' यावर थांबतो, त्याला सोडा. दुसरं, सासूबाई एकादशी बघायला पंचांग उघडत असतीलच. त्याच पंचांगात अष्टमी कधी येते ते बघा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही आणि फार हटतही नाही. तारखा पुढेमागे करता येत असतील तर तिथीच्या हिशोबाने ठरवा. पोर्ट ब्लेअरच्या भरतीचे तक्ते नेटवर मिळतात, ते या दोन्ही बेटांना पुरेसे जुळतात.

हॅवलॉकला पोहण्यासाठी खरा किनारा पश्चिमेचा राधानगर, बीच नंबर सात. रुंद, पांढरा, आणि मागे समुद्री महुआची उंच झाडं. आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातलंच झाड ते. पण जेट्टीपासून तो सुमारे १२ किलोमीटर आत आहे, लागून राहायच्या जागा मोजक्या आणि महागड्या, आणि सूर्यास्ताला सगळं बेट तिथे लोटतं. दिवसा एकदा जाऊन या, पुरे.

आता नील. जेमतेम १४ चौरस किलोमीटरचं बेट. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं गेलं, त्यामुळे गावात बंगालीच ऐकू येईल. भाजीपाला इतका पिकतो की श्री विजयपुरमच्या बाजारात इथूनच माल जातो. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर, सासूबाई खूश. भरतपूर जेट्टीला चिकटून आहे, काचेच्या तळाच्या बोटी आणि पाण्यातले खेळ तिथेच, दिवसभर आरडाओरडा. मात्र यातले पुष्कळ लोक सकाळच्या बोटीने येतात आणि दुपारच्या बोटीने परततात. चारनंतर बेट रिकामं होतं. मुक्कामाला राहणाऱ्यालाच हे कळतं, म्हणून एक रात्र नको, किमान दोन-तीन काढा.

सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूरचा एक नंबर. दोन नंबरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, पण ती ओहोटीतच बघायची आणि वाट खडकाळ आहे. सासूबाईंना वर टपरीवर नारळपाणी देऊन बसवा. राहायला मला सीतापूरकडची बाजू आवडते. पूर्वेला तोंड, शेतं संपतात आणि एकदम समुद्र लागतो. आम्ही उतरलो होतो ती कॉटेज बांबूच्या तट्ट्यांची होती. पायरीशी पाय धुवायला नळ, बाजूला पाणी घ्यायला नारळाच्या करवंटीचं भांडं, वाळू घेऊन आत गेलात तर स्वयंपाकीण बंगालीत रागावते. पलंगावर मच्छरदाणी, भिंतीवर पाल, आणि रात्रभर छपरावर माडाच्या झावळ्यांची खसखस. वीज गेली की जनरेटर लागायला पाचेक मिनिटं. यातलं काही खटकणार असेल तर गावातलं पक्कं हॉटेल घ्या, समुद्र तिथूनही लांब नाही. भरतीला सीतापूरच्या लाटा जोरात असतात, पोहायचं तर आधी तिथल्या माणसांना विचारा.

जेवणाची वेळ मात्र पाळावी लागेल. घड्याळ आपलंच, पण बेटं इंदूरच्या बरीच पूर्वेला, त्यामुळे जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो आणि नऊला सगळं बेट झोपतं. आपल्याकडे रात्री सराफ्यात खाऊगल्लीचे तवे तापायला लागतात तेव्हा तिथली स्वयंपाकघरं धुऊन-पुसून झालेली असतात. शाकाहारी मिळतं, सांगितलं तर कांदा-लसणाशिवायही करतात. तरी शेवेचं पाकीट न्याच, हे इंदूरकराला सांगायला नकोच म्हणा.

सासूबाईंसाठी मालकाला हेही विचारा: खोलीला पायऱ्या किती, कमोड आहे का, आणि जेट्टीवर घ्यायला गाडी येते का. बऱ्याच झोपड्या खांबांवर उभ्या असतात आणि शिडीसारख्या पायऱ्यांना कठडाच नसतो. बोट सरकारी नको, खाजगी कंपनीची घ्या. श्री विजयपुरमहून दीड-दोन तास लागतात, बसायला नीट जागा असते. मळमळीची गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्यायची, बोट हलायला लागल्यावर नव्हे.

लाँग आयलंड, डिगलीपूर, लिटल अंदमान ही नावंही कोणी सुचवेल. एकांत तिथे जास्तच आहे. पण डिगलीपूर रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर, त्यातही जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ठरावीक वेळीच ताफ्याने सोडतात. लिटल अंदमानची बोट कित्येक तासांची. सासूबाईंबरोबर नको. पुढे कधी दोघंच जाल तेव्हा विचारा.

एकांताची एक गोष्ट कोणी धड सांगत नाही. इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका निवांत कोपऱ्यात एका अमेरिकन महिला पर्यटकाचा मगरीने जीव घेतला. जिथे नाला किंवा खाडी समुद्राला मिळते, खारफुटी आहे आणि चिटपाखरू नाही, तिथे पाण्यात उतरू नका. पाटी असो वा नसो. त्यामानाने वाळूतल्या बारीक माश्या किरकोळ, पण झाडलोट न होणाऱ्या किनाऱ्यांवर त्या फोडून काढतात. संध्याकाळी पायांना खोबरेल तेल चोपडा.

परतीचं विमान आणि बेटावरून निघणारी बोट एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र बिघडला की बोटी सरळ बंद होतात. डिसेंबर २०१६ च्या वादळात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाची जहाजं पाठवावी लागली. जानेवारी बराच शांत असतो, तरी शेवटची रात्र श्री विजयपुरमलाच काढा. सेल्युलर जेलही निवांत बघून होईल. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, तेव्हा सासूबाईंना तिथे तास दोन तास लागतील असं धरूनच चाला. आणि किनाऱ्यावर वेचलेलं प्रवाळ बॅगेत भरू नका, विमानतळावर तपासणीत काढून घेतात.