संस्थानच्या शेतात सेवेला जाताय? आधी सालदाराला भेटा

तुमचा प्रश्न असा: नोकरीतून महिनाभर सुट्टी मिळाली आहे, खानदेशात एखाद्या धार्मिक संस्थेच्या शेतात-आवारात सेवा करायची आहे, तर कुठे जावं, राहण्या-जेवणाची सोय होते का, काम काय असतं आणि मनाला शांती मिळते का. शांतीचं मला विचारू नका. बाकीचं सांगतो.

वीज मंडळातून लाईनमन म्हणून रिटायर झालो आणि त्याच महिन्यात चोपडा तालुक्यातल्या एका संस्थानच्या शेतावर जायला लागलो. सहा वर्षं गेलो. संस्थानचं नाव लिहीत नाही, माझं भांडण देवाशी नाही. चौदा एकर जमीन, त्यात दोन एकर केळी, बाकी मका, ज्वारी, थोडा कापूस. गोशाळा. मंदिराभोवती बेल, कण्हेर, तुळशीचे वाफे आणि दोन म्हातारे कडुनिंब, ज्यांचा पाला झाडता झाडता माणूस संपतो पण पाला संपत नाही.

आता पिलांची गोष्ट. पिलं म्हणजे केळीच्या बुंध्याजवळ फुटणारे नवे कोंब. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

महाशिवरात्रीच्या आधीचा रविवार होता. सुरतहून तीस-पस्तीस सेवेकरी आले. उधना-लिंबायतकडे राहणारी आपलीच माणसं, कुणी लूमवर, कुणी दुकानात. गाव सुटलं तरी संस्थान सुटलं नाही अशी. भाव खरा होता, त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. कार्यवाह मला म्हणाले, यांना केळीत घेऊन जा, पिलं कापून घ्या. मृगबाग होता, म्हणजे मृगाच्या पावसात, सहा बाय पाच फुटांवर लावलेला, दोन एकरांत 2,900 झाडं. नुकताच निसवला होता, घड बाहेर पडत होते. सकाळचे आठ वाजलेले. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, खोपीत झोपलेला. एकजण म्हणालासुद्धा, "सालदार झोपलाय आणि सुरतवाले राबताहेत!" सगळे हसले. मीही हसलो.

मी त्यांना सांगितलं, बुंध्याजवळ जेवढी पिलं दिसतील तेवढी विळ्याने जमिनीलगत कापा. आमच्या घरी तेच चालायचं. आम्ही दर वेळी टिश्यू कल्चरची नवी रोपं लावायचो, पिलबाग कधी धरला नाही. घड बाहेर पडल्यावर बुंध्याचं एक पिल राखायचं आणि पुढच्या वर्षी त्याचा बाग घ्यायचा, हे मला ऐकून माहीत होतं. डोळ्यांसमोर ते पिल होतं तरी डोक्यात आलं नाही. सालदाराने प्रत्येक झाडाच्या उगवतीच्या अंगाला एकेक पिल राखलेलं, गुडघ्याएवढं, सगळी एका ओळीत. ओळ बघूनसुद्धा मी विचारलं नाही की हे असं एका बाजूला कसं काय आलं. अभंग म्हणत म्हणत दोन तासांत सातशेवर झाडांची पिलं उडवली.

आवाजाने तो उठला. बांधावर आला, उभा राहिला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, पुढला सालना बाग कापी टाका ना." म्हणजे, पुढच्या वर्षाचा बाग कापून टाकला ना.

पिलं परत फुटतात, केळ काही मरत नाही. पण फुटलेलं पिल राखलेल्या पिलाच्या दोन-तीन महिने मागे पडतं. मग पुढच्या वर्षी बाग एकदम कापणीला येत नाही, इथे चार घड तयार, तिथे अजून निसवण चालू. व्यापाऱ्याला गाडी भरायची असते. थोडक्या मालासाठी तो येत नाही, आलाच तर भाव पाडून मागतो. संस्थानला तो बाग चार-पाच हप्त्यांत कापावा लागला. ते नुकसान सेवेचं होतं आणि मुकादम मी होतो.

आणि तो झोपलेला का होता? त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. थ्री फेज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. लाईनमनला हे कळायला नको का? माझी सगळी नोकरी त्यात गेली! तो रात्री दहाला मोटार चालू करून पहाटेपर्यंत ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवत होता, उंदराने कुरतडलेल्या नळ्या बॅटरीच्या उजेडात जोडत होता. सहा वर्षांत रात्री दोनला सेवेला आलेला भक्त मी बघितला नाही. मीही गेलो नव्हतो, त्या रविवारनंतर जायला लागलो.

खरी चीड पुढची. दोन महिन्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि पुढच्या सालाच्या मजुरीची नवी बोली होते. त्याने बोली थोडी वाढवून मागितली, पोरीला बांगड्या-कपडे घ्यायला थोडी उचलही. कार्यवाह म्हणाले, देवाचं शेत आहे, थोडं सेवा म्हणून धर. मी तिथेच बसलो होतो. म्हटलं, साहेब, सेवा आम्ही करतो कारण आमच्या घरची चूल पेन्शनवर पेटते, याची तुमच्या बोलीवर पेटते. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्याकडून घेतलेली ती सेवा कसली? त्यावर ते म्हणाले, मग मजूर परवडत नसेल तर शेत पट्ट्याने देऊन टाकू, पंधरा वर्षांचा पट्टा करू. द्या म्हटलं. पण दहा वर्षांवर शेतजमीन पट्ट्याने द्यायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तिथे कारण काय लिहाल? सालदाराने सेवा दिली नाही म्हणून? विषय तिथेच थांबला. सालदार आखाजीला दुसरीकडे गेला.

आमचे साडू आजपर्यंत म्हणतात, तू देवाच्या दारात मजुरीचा हिशेब काढला. काढला. साडूंच्या शेतातला सालदारही दर आखाजीला बदलतो, ते का, हे त्यांनी एकदा मोजावं. आमची बायको म्हणते, इथे घरचं लिहू नका. पण हा प्रश्न बारा वर्षं जेवणाच्या पंगतीत सुटला नाही, निदान इथे तरी लिहून ठेवतो.

तर तुम्ही जाल तिथे पहिल्या दिवशी ऑफिसात नाव लिहिलं की सालदार कुठे आहे ते विचारा. तो सांगेल ते काम करा, तो नको म्हणेल ते करू नका. कोयता-विळा मागून घेऊ नका. नव्या माणसाला जमण्यासारखं पुष्कळ असतं: शेण उचलणं, गव्हाणी धुणं, आवार झाडणं, ठिबकच्या नळ्यांची टोकं सोडून गाळ काढणं. जीवामृत करायला सगळ्यांना आवडतं, त्याचे फोटो चांगले येतात. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. पण ते दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळावं लागतं. सोमवारी ढवळायला कोण असतं, हेही बघा.

मे महिन्यात येऊ नका. पारा पंचेचाळीसला टेकतो आणि मग तुम्हालाच सावलीत झोपवून पाणी पाजावं लागतं, म्हणजे सेवा उलटी. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर किंवा दिवाळी झाल्यावर बरं.

सगळ्या संस्था अशाच असतात असं माझं म्हणणं नाही. बघितली ती एकच. सेवेकऱ्यांची शिस्त बघायची तर शेगावला बघावी, पण ते वऱ्हाडात, आणि तुम्ही खानदेश विचारलंय. नाव सांगत नाही म्हणून राग मानू नका. मुक्ताईनगर, अमळनेर, प्रकाशा, कुठल्याही बाजूला जा, गावात चहाच्या टपरीवर बसून विचारा की संस्थानात सालदार किती साल टिकतो. पाच-सहा साल म्हणाले तर पिशवी त्याच संस्थानात ठेवा.

राहायला हॉल मिळतो, सतरंजी मिळते, मच्छरदाणी आणि बॅटरी आपली न्यावी. जेवण मिळतं. वरण-बट्टी असली तर नशीब. ताट आपलं आपण घासायचं.